चर्चचे मेळे, लिलाव आणि सेवेचे उपक्रम : नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

हंगामाच्या सणाचा मांडव पडला किंवा नाताळ जवळ आला की चर्चच्या फाटकाशी ओळखीचे प्रश्न सुरू होतात. विचारणाऱ्यांत आमच्याच मंडळीतले, म्हणजे स्थानिक चर्चचे, सभासद असतात, शरणपूर रोडवरून जाता-येता फलक वाचणारे शेजारी असतात आणि पहिल्यांदाच देणगी देणारी तरुण मुलंमुलीही असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मंडळीत कार्यक्रमांचा हिशेब आणि स्वयंसेवकांची कामं पाहणाऱ्या आम्हा काही जणांची ही उत्तरं आहेत. दुसऱ्या मंडळीची रीत थोडी वेगळी असेल. कायद्याच्या गोष्टी मात्र सगळ्यांना सारख्याच लागू आहेत.

तुमचं चर्च नेमकं कुठलं? होली क्रॉस, नाशिक रोडचं बाळ येशूचं मंदिर आणि तुम्ही एकच ना?

श्रद्धेचा गाभा एक, संस्था वेगळ्या. त्र्यंबक नाक्याजवळचं होली क्रॉस आणि फेब्रुवारीत ज्याची यात्रा भरते ते बाळ येशूचं तीर्थस्थान ही दोन्ही कॅथलिक आहेत. आमची परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडून आलेली. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२ पासून सुरू झालं आणि १८५०च्या दशकात शरणपूरची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे आसरा मिळाला, शाळा मिळाली, हातात कसब आलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांतही तो होता. परक्या, निराधार मुलांसाठी केलेल्या कामातून ही वस्ती वाढली, हे आजचे उपक्रम ठरवताना आम्ही विसरत नाही.

१९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचा विभाग, झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा अनेक परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणून फाटकावर आता 'सी.एन.आय.' असं दिसतं. कॅथलिक बांधवांशी आमचा स्नेह आहे, पण पावतीपुस्तकं आणि बँकखाती वेगळी. देणगी कुणाला देताय ते पावतीवरच्या नावावरून पाहा.

आम्ही ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल?

अवश्य या. मेळा आवारात असतो, तिकीट नसतं. उपासनेलाही बसता येतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी मात्र फक्त दृढीकरण (श्रद्धा पक्की केल्याचा विधी) झालेले सभासद पुढे जातात, तेव्हा आपण जागेवर शांत बसावं, एवढंच.

हंगामाच्या सणाला लिलाव कसला असतो?

आमच्या वर्षातला हा सगळ्यात आनंदाचा दिवस, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं पीक देवापुढे ठेवण्याची आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात टोपलीत प्रथमफळ घेऊन जाण्याचा विधी दिला आहे. इंग्लंडमध्ये आज चालतो त्या धर्तीचा हंगामाचा सण १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुरू केला. नाशिकसारख्या शेतीच्या जिल्ह्यात तो रुजायला काय अडचण? पावसाळी पिकं घरात आली की आमच्याकडे एक रविवार ठरतो. निफाड-दिंडोरीकडचे सभासद टोमॅटोची क्रेट, कांद्याची गोणी, मक्याची कणसं, भुईमुगाच्या शेंगा आणतात. ज्यांची शेती नाही ते नारळ, घरचं लोणचं, शिवलेली दुपटी, कुंडीतली तुळस किंवा डझनभर अंडी आणतात. कधी कोंबडी येते, कधी शेळीचं करडू. सगळं वेदीपुढे मांडलं जातं, उपकारस्तुती होते आणि उपासना संपली की मांडवात लिलाव उभा राहतो.

लिलाव पुकारणारा माणूस मोठा महत्त्वाचा. आवाज खणखणीत हवा आणि कुणाची ऐपत किती हे ठाऊक हवं, म्हणजे गरिबाला चारचौघांत अवघडल्यासारखं होत नाही. आमच्याकडे पहिल्या काही वस्तू मुद्दाम दहा-वीस रुपयांपासून पुकारतात, म्हणजे शब्बाथ शाळेतली (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली) मुलंही खाऊच्या पैशांतून बोली लावू शकतात.

मग एक दुधी शेकडो रुपयांना कसा काय जातो?

कारण तिथे दुधीची किंमत कुणी करतच नाही. घेणारा पैसे भरतो आणि पुष्कळदा 'पुन्हा लिलावात' म्हणून तोच दुधी परत देतो. एकच नारळ असा चार-पाच घरांच्या नावे फिरतो, प्रत्येक वेळी पैसे जमा होतात आणि शेवटी तो कुणा आजींच्या पिशवीत जातो. पाहुण्यांना आधी हे चमत्कारिक वाटतं. दोन वस्तू जाईपर्यंत तेही हात वर करतात.

एक सूचना मनापासून. चढाओढीत वाहवत जाऊ नका. दान संतोषानं द्यावं, मन मारून किंवा भिडेपोटी देऊ नये, असं प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं आहे. ज्या घरात आजारपण आहे किंवा ज्याची नोकरी गेली आहे, त्याच्याकडे पुकारणाऱ्यानं बोट दाखवू नये. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हे पाहिलंच पाहिजे.

बोली लावली, पण खिशात तेवढे पैसे नव्हते. काय करायचं?

वहीत नाव लिहिलं जातं. पुढच्या रविवारपर्यंत सवड असते. वही खजिनदारांकडे राहते आणि बाकी कुणाची किती हे व्यासपीठावरून कधीही वाचलं जात नाही.

आनंदमेळ्यात मला खाण्याचा स्टॉल लावायचा आहे. काय तयारी लागते?

महिला संगतीच्या, म्हणजे मंडळीतल्या बायकांच्या गटाच्या, ताईंकडे आधी नाव द्या. मिसळीचे तीन स्टॉल आणि पाणीपुरीचा एकही नाही, असं होऊ नये म्हणून पदार्थ वाटून घेतले जातात. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे तात्पुरता स्टॉल लावणारे आणि धार्मिक-सामाजिक समारंभात अन्न वाटणारे हेही लहान अन्न व्यावसायिकांत मोडतात, त्यामुळे नोंदणीचं काम आम्ही आधीच उरकून घेतो. तुम्ही पाणी, झाकण, हातमोजे आणि डोक्याला रुमाल सांभाळा. राज्यात २०१८ पासून थर्मोकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक ताटवाट्यांवर बंदी आहे. पत्रावळी किंवा स्टीलच्या बशा आणा. धुवायला तरुण संघाची मुलं असतात.

पैशाचं म्हणाल तर दोन पद्धती आहेत. काही जण सामानाचा खर्च वजा करून नफा देतात. काही जण सामानच दान म्हणून आणतात आणि गल्ल्यात आलेलं सगळं जमा करतात. दोन्ही चालतं, फक्त कोणती पद्धत ते आधी सांगा. माझं मत विचाराल तर, तेल-बेसन-पाव यांचा खर्च चार-पाच घरांनी वाटून घ्यावा. मेहनत करणाऱ्या बाईवरच खर्चही पडणं बरं नाही.

लकी ड्रॉ किंवा सोडत का ठेवत नाही? पैसे पटकन जमतील.

जमतील, पण राज्य सरकारच्या परवानगीशिवाय सोडत चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. 'सगळेच करतात' हे उत्तर चर्चला शोभत नाही. शिवाय नशिबाच्या आशेनं घेतलेलं तिकीट आणि दुसऱ्यासाठी काढून ठेवलेला पैसा यांत फरक आहे, तो मुलांसमोर पुसला जाऊ नये असं आम्हाला वाटतं. त्याऐवजी चित्रकला, केक सजावट, पाठांतर अशा स्पर्धा घेतो.

नाताळ फेरी आमच्या सोसायटीत बोलावता येईल का?

येईल. डिसेंबरच्या सुरुवातीला पाळक साहेबांकडे किंवा तरुण संघाकडे पत्ता द्या. मुलं पेटी, ढोलकी, झांजा घेऊन येतात, अभंगाच्या चालीवरची मराठी भजनं आणि नाताळची गाणी म्हणतात. एका संध्याकाळी सिडको आणि दुसऱ्या संध्याकाळी देवळाली कॅम्प असा मार्ग आखलेला असतो, त्यामुळे ऐन वेळी बोलावलंत तर निराशा होईल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावत नाही. रुग्णालयांजवळ तो मुळीच नसतो.

पेटीत पैसे टाकलेच पाहिजेत असं नाही. कुणी चहा देतं, कुणी करंज्या-शंकरपाळ्या. त्या थंडीत गरम चहा हीसुद्धा देणगीच आहे. मात्र पैसे दिलेत तर पावती मागा. पेटीला कुलूप असतं आणि किल्ली फेरीबरोबर नसते.

चर्चकडे एवढ्या जमिनी आहेत. मग लोकांकडून पैसे कशाला?

हा प्रश्न आम्हाला राग न धरता ऐकायला हवा, कारण तो रास्त आहे. चर्चच्या मिळकती न्यासाच्या नावे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, गहाण टाकता येत नाहीत, लांब मुदतीच्या भाड्यानंही देता येत नाहीत. स्थानिक मंडळीला तर त्यावर कसलाच अधिकार नसतो. आणि असता तरी, मागच्या पिढ्यांनी राखलेली जागा विकून यंदाचं पत्रे बदलण्याचं काम करावं, हे मला पटत नाही. मिळकत एकदा गेली की गेली. चालू वर्षाची गरज चालू वर्षातल्या माणसांनी भागवावी. ख्रिस्ती मिळकतींच्या व्यवहारांबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत हे आम्ही जाणतो, म्हणूनच खालचं उत्तर जरा लांब आहे.

जमलेल्या पैशाचा हिशेब कोण ठेवतं? आम्हाला तो पाहता येतो का?

कार्यक्रमाच्या आधीच उद्देश जाहीर होतो. फलकावर 'चर्चच्या मदतीसाठी' असं मोघम लिहायचं नाही, असा आमचा आग्रह आहे. 'पेठ तालुक्यातल्या पाड्यावर पाण्याची टाकी', 'जूनमध्ये शाळा उघडताना वह्या-दप्तरं', 'छपराची दुरुस्ती' असं स्पष्ट लिहायचं. एकाच मेळ्यातून दोन कामं करायची असतील तर वाटणीही आधीच सांगायची.

संध्याकाळी गल्ले मोजायला तिघं बसतात. एक खजिनदार, एक महिला संगतीतल्या आणि एक असा सभासद जो मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत नाही. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे आवारातून हलत नाहीत. नातेवाईक एकत्र मोजायला बसवत नाही. ही अविश्वासाची गोष्ट नाही, मोजणाऱ्याच्या अब्रूचं ते रक्षण आहे. सोमवारी रक्कम बँकेत जाते. त्यातून परस्पर मांडववाल्याचे पैसे चुकते करायचे नाहीत. आधी सगळी रक्कम जमा, मग खर्चाचा धनादेश. हे कटकटीचं वाटतं आणि दरवर्षी कुणीतरी कुरकुरतं. तरी इथे सवलत नाही, कारण खर्च आधीच वजा झाला की नेमकं किती जमलं होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पुढच्या दोन रविवारांत जमा, खर्च आणि शिल्लक असा कागद सूचनाफलकावर लागतो. तो पाहायला सभासद असावं लागत नाही. देणगीदाराला पावत्यांची फाईल पाहायची असेल तर उपासनेनंतर खजिनदारांना भेटा. वर्षअखेरीला लेखापरीक्षण होतं आणि न्यासाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. सार्वजनिक वर्गणीवर हेच कार्यालय लक्ष ठेवतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी परवानगीसाठी जातात ते याच ठिकाणी.

ठरलेलं काम काही कारणानं रद्द झालं तर? पैसे आपोआप दुसरीकडे वळत नाहीत. मंडळीच्या सभेत प्रश्न मांडला जातो आणि मोठ्या देणगीदारांना विचारलं जातं.

क्यूआर कोडवर पैसे पाठवताना काय पाहावं?

नाव. कोड स्कॅन केल्यावर चर्चच्या किंवा न्यासाच्या खात्याचं नाव दिसलं पाहिजे. कुणा माणसाचं वैयक्तिक नाव दिसलं, मग ते पाळकांचं का असेना, तर थांबा आणि टेबलावर विचारा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला कोड वापरूच नका.

आयकरात सूट मिळते का?

बहुतेक वेळा नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत एखाद्या विशिष्ट धर्मीयांपुरत्या असलेल्या न्यासाला मिळत नाही, त्यामुळे मंडळीला दिलेल्या अर्पणावर ती धरू नका. शाळा, दवाखाना चालवणाऱ्या एखाद्या संस्थेकडे ती नोंदणी असू शकते. पावतीवर क्रमांक छापलेला असतो. तिथेही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत तर त्यावर सूट नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही. दशांशाचा, म्हणजे कमाईतला दहावा भाग देण्याचा, आणि कराचा संबंध जोडू नये, असं आमच्या जुन्या पाळक साहेबांचं सांगणं असे. मला ते आजही योग्य वाटतं.

माझा मुलगा परदेशात असतो. त्याला पाठवता येईल?

तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी होते. भारतीय मूळ असल्याचं कार्ड त्याच्याकडे असलं तरी यात फरक पडत नाही. अशी देणगी फक्त परदेशी देणग्यांसाठी नोंदणी असलेली संस्थाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात घेऊ शकते. आमच्या मेळ्याच्या खात्यावर ती घेता येत नाही. सुट्टीत नाशकात आल्यावर मामांच्या हाती रोख देणं हाही त्यावरचा उपाय नाही.

स्पष्टच विचारतो. मदत करून तुम्ही लोकांना ख्रिस्ती करता का?

नाही. आणि हे विचारणाऱ्याला आम्ही परका मानत नाही.

मदत मागणाऱ्याला धर्म, जात, नाव बदलण्याची तयारी, उपासनेला येण्याची कबुली, यातलं काहीही विचारलं जात नाही. शिबिरात पत्रकं वाटत नाही. दप्तरात वह्यांबरोबर पुस्तिका घालत नाही. कुणी आपणहून ख्रिस्ताबद्दल विचारलं तर आम्ही लपवतही नाही, कारण ही श्रद्धा आम्हाला जिवापाड प्रिय आहे; पण तो संवाद मदतीच्या रांगेत होत नाही. भुकेल्या माणसासमोर ताट धरून अट घालणं हे आमच्या प्रभूच्या शिकवणीलाच सोडून आहे. वाटेत जखमी पडलेल्या परक्याची सेवा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यानं जखमी माणसाला त्याचा पंथ विचारला नव्हता. कुठल्याही मंडळीत कुणी याहून वेगळं वागताना दिसलं तर पाळकांना सांगा, आणि पाळकांनी ऐकलं नाही तर धर्मप्रांताच्या कार्यालयात लेखी कळवा.

पेठ-सुरगाण्याकडचं काम कसं ठरतं?

तिथे पाऊस मुबलक पडतो, पण उतारावरून आणि काळ्या कातळावरून वाहून जातो. मार्च सरला की विहिरी तळ गाठतात आणि बायाबापड्या हंडे घेऊन मैलोन्‌मैल चालतात. शहरातून टँकर पाठवला की फोटो चांगला येतो, पण आठवड्यानं विहीर परत कोरडीच. म्हणून टाकी, विहिरीतला गाळ काढणं, झऱ्याला कुंड बांधणं अशी कामं घ्यावीत, या मताचा मी आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. गावच्या संसाधनांबद्दल तिथे ग्रामसभेच्या शब्दाला कायद्यानं वजन आहे. आधी ग्रामसभा, मग आराखडा, मग नाशकातला मेळा, असा क्रम हवा. उलट्या क्रमानं बांधलेल्या टाकीची देखभाल कुणीच करत नाही.

पूर आला तर जुने कपडे आणून देऊ का?

कृपया नको. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या घरांत चिखल होता आणि माणसांना हवं होतं पिण्याचं पाणी, कोरडा शिधा, चटया, सॅनिटरी पॅड, औषधं, खराटे आणि फिनेल. फाटकी पँट आणि लग्नातला शालू निवडायला तिथे कुणाला वेळ असणार? चांगले धुतलेले कपडे एरवी जंबल सेलसाठी, म्हणजे जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी, घेतो.

रक्तदान शिबिर मे महिन्याच्या उन्हातच का?

कारण तेव्हाच रक्ताची टंचाई असते. कॉलेजांना सुट्टी, नेहमीचे दाते गावी, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर रक्त ठरलेल्या दिवशी लागतंच. परवानाधारक रक्तपेढी येते, आम्ही जागा, सरबत आणि माणसं पुरवतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम. मागच्या वेळेपासून पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत. उपाशीपोटी येऊ नका. सकाळी लवकर या, दुपारी मांडव तापतो.

मदत घेणाऱ्यांचे फोटो का टाकत नाही?

डिसेंबरच्या थंडीत रस्त्याकडेला झोपलेल्या माणसावर ब्लँकेट घालताना त्याच्या तोंडावर कॅमेरा धरणं आम्हाला योग्य वाटत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवण आहे. देणगीदारांना पुरावा हवा असतो, तो बिलं आणि वस्तूंच्या यादीतून देतो. मुलांचे फोटो तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुळीच नाहीत, स्पर्धेतल्या बक्षिसाचासुद्धा.

मेळा संपल्यावर उरलेलं अन्न आणि सामान कुठे जातं?

शिजवलेलं अन्न त्याच रात्री संपवायचं. जिल्हा रुग्णालयाबाहेर रुग्णांचे नातेवाईक असतात, पण तिथे घेऊन जाण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताई स्वतः चव आणि वास पाहतात. शंका आली तर ते अन्न खताच्या खड्ड्यात. लिलावात न गेलेलं धान्य आणि कांदे-बटाटे मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जातात. न विकलेल्या जुन्या वस्तू ज्यांनी दिल्या त्यांनी पुढच्या शनिवारपर्यंत परत न्याव्यात, नंतर त्या भंगारात जातात आणि त्याचे पैसेही फलकावरच्या हिशेबात दिसतात.